खलाशाचा मुतखडा

मुतखडा हा काही केवळ दर्यावर्दी लोकांचा रोग नव्हे. तो शेतकऱ्याला होतो, कारकुनालाही होतो. मग खलाशाच्या मुतखड्याचा निराळा विचार कशासाठी? आमचे उत्तर असे की, जहाजावर तो होण्याचे कारण पुष्कळदा धंद्यातच असते, आणि झाल्यावर तो जिवावर बेततो तोही धंद्यामुळेच.

मूत्रपिंडे कॅल्शियम, ऑक्झलेट, यूरिक आम्ल असले पदार्थ पाण्यात विरघळवून बाहेर टाकतात. पाणी कमी पडले की त्यांचे स्फटिक बनू लागतात. चहात साखर घालीतच गेलो तर ती अखेर तळाशी बसते, तसेच हे. आता इंजिनखोलीत उतरा. उष्ण समुद्रात तेथे ४० ते ४५ अंश सेल्सियस तपमान सहज असते. चार तासांच्या पाळीत घामाच्या धारा लागतात, शरीर उरलेले पाणी राखू पाहते आणि लघवी थोडी व दाट होते. पूर्वी मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर भट्टीत कोळसा लोटणारे आगवाले असत. त्यांचे हाल तर विचारूच नयेत. कोळसा गेला, तेल आले. उष्णता मात्र गेली नाही. ब्राझीलमधील पोलाद कामगारांची एक पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. भट्टीच्या उष्णतेत काम करणाऱ्यांत शेकडा ८ जणांना मुतखडा आढळला. साध्या तपमानात काम करणाऱ्यांत शेकडा एकालाही नाही. भट्टी जमिनीवर असो की पाण्यावर, घाम तोच.

त्यात पिण्याच्या पाण्याची कथा. जहाजावर खारे पाणी उकळून, वाफ थंड करून गोडे करतात. त्याला चव नसते, म्हणून पुष्कळजण चहा आणि बाटलीतल्या गोड पेयांवर भागवितात.

मुतखड्याची कळ कमरेतून उठून जांघेत उतरते; धट्टाकट्टा गडी गडबडा लोळतो. गावात असता तर तासाभरात दवाखान्यात पोचता. २००६ च्या सागरी कामगार कराराप्रमाणे शंभर किंवा अधिक माणसे आणि तीन दिवसांहून लांबचा आंतरराष्ट्रीय प्रवास असेल, तरच जहाजावर डॉक्टर सक्तीचा. मालवाहू जहाजावर माणसे असतात वीस-पंचवीस! तेथे औषधपेटी एखाद्या अधिकाऱ्याच्या हाती असते आणि सल्ला दुरून येतो. रोम येथील केंद्र तो १९३५ पासून विनामूल्य देत आले आहे, मोठेच पुण्यकर्म. परंतु सल्ल्याने कळ शमते, अडलेली वाट मोकळी होत नाही. खडा अडकला आणि वर थंडीताप भरला, तर चार दिवसांवरचे बंदर फार लांब पडते.

म्हणूनच वैद्यकीय तपासणीत मुतखड्याची चौकशी होते. पुन्हा होण्याचा संभव दिसला तर दाखला अडतो. नियम रास्त आहे. पण परिणाम काय? घर चालविणारा गडी जुनी कळ लपवितो आणि पुन्हा त्याच उष्णतेत उतरतो. आम्हांस वाटते, तपासणी माणसाची होते तशी त्याच्या कामाच्या जागेचीही व्हावी. इंजिनखोलीत हाताशी थंड पाणी आहे काय? ते पिण्यापुरती सवड मिळते काय? खडा एकदा झालेल्या माणसाला दिवसाकाठी अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी डॉक्टर सांगतात; घाम गाळणाऱ्याने ते किती प्यावे, याचा हिशेब पाळी लावणाऱ्या अधिकाऱ्यानेच ठेवावयास हवा.