गोळ्या दिल्या, पण सांगितले काय?

बँकेच्या खिडकीवर वीस वर्षे बसल्यावर एक गोष्ट पक्की कळते. समोरचा माणूस "हो साहेब, समजले" म्हणाला म्हणजे त्याला समजलेच असे नाही. मागे रांग असते, आमच्या चेहऱ्यावर घाई असते आणि पुन्हा विचारले तर आपले अडाणीपण दिसेल अशी त्याला भीती असते. दवाखान्यातही हेच घडते. फरक इतकाच की आमच्याकडे चुकलेली स्लिप पुन्हा भरता येते.

आमच्या वस्तीतील एका तरुणाला क्षयरोग झाला. सरकारी केंद्रातून औषधे मोफत मिळाली. दुसऱ्याच दिवशी त्याला लघवी केशरी-लाल झाली. रक्त पडते आहे असे समजून त्याने घाबरून गोळ्या बंद केल्या आणि घरी कोणाला सांगितलेही नाही. पंधरा दिवसांनी त्याच्या आईला उशाखाली गोळ्यांची पाकिटे सापडली तेव्हा प्रकार उघडकीस आला.

वास्तविक हा रंग रिफॅम्पिसिन या औषधाचा असतो. लघवी, घाम, डोळ्यांतील पाणीसुद्धा तसे होते; त्यात धोका नाही. एवढे एक वाक्य आधी सांगितले असते तर पुढचे सारे टळले असते. मात्र डोळे पिवळे होणे, सतत उलट्या होणे ही यकृताला त्रास होत असल्याची खूण असू शकते. इथॅम्ब्युटॉलने क्वचित दृष्टी अंधुक होते, लाल-हिरवा रंग नीट ओळखता येत नाही. अशा वेळी थांबायचे नाही, लगेच डॉक्टरांकडे जायचे. कशाला घाबरायचे नाही आणि कशाला घाबरायचे, हे दोन्ही रुग्णाला वेगवेगळे कळले पाहिजे.

दुसरा घोटाळा बरे वाटण्याचा. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. काही आठवड्यांतच खोकला, ताप कमी होतो आणि माणूस म्हणतो, आता गोळ्या कशाला? पण संथपणे वाढणारे जंतू आत शिल्लक असतात. अर्धवट उपचारांत त्यांच्यातील औषधाला न जुमानणारे जंतू वाढू लागतात. मग औषधे बदलावी लागतात आणि त्रासही वाढतो. "कोर्स पूर्ण करा" एवढेच म्हटले तर ते पटत नाही. कारण सांगितले तर मात्र पटते, असा माझा अनुभव आहे.

तिसरी अडचण घरातल्या जुन्या माहितीची. १९९७ मध्ये सुरू झालेल्या सुधारित राष्ट्रीय कार्यक्रमात गोळ्या आठवड्यातून तीनदा देत. २०१७ पासून त्या रोज घ्यायच्या असतात. तेव्हा बरे झालेले काका आजही पुतण्याला "एक दिवसाआड घे" असे प्रेमाने सांगतात!

उपाय खर्चिक नाही. सांगून झाल्यावर "समजले का?" असे विचारू नये. त्याऐवजी "घरी गेल्यावर आईला काय सांगाल?" असे विचारावे. उत्तरात चूक निघाली तर ती आपल्या सांगण्याची समजावी आणि पुन्हा सोपे करून सांगावे. आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांबरोबर दवाखान्यात जावे, चिठ्ठीवरची प्रत्येक गोळी कशासाठी, कधी, किती दिवस हे विचारून मराठीत लिहून घ्यावे. विचारण्यात लाज कसली?

त्या तरुणाचा उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू झाला. आता त्याची आई रोज सकाळी गोळी दिल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने फुली मारते.