माजी विद्यार्थी आणि ग्रंथालयाचं दार

गेल्या वर्षी मी शेख महंमदांवरचा एक लेख शोधत होतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद, सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिणारे. ‘तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?’ असं कुणी विचारलं, की मी त्यांचंच नाव पुढे करतो. तर तो इंग्रजी लेख संगणकावर सापडला. पहिला परिच्छेद दिसला आणि खाली पाटी : पुढचं वाचायचं तर तीस-चाळीस डॉलर भरा, नाहीतर आपल्या संस्थेचं नाव सांगा.

माझी संस्था कोणती, मंडळी? मी 1990 साली लातूरच्या कॉलेजातून बी.ए. झालो. पदवीवर शिक्का मराठवाडा विद्यापीठाचा. त्या विद्यापीठाचा नामविस्तार 14 जानेवारी 1994 रोजी झाला. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि लातूर, नांदेड, परभणीची कॉलेजं तिकडे गेली. म्हणजे कॉलेज नांदेडकडे, पदवी त्या जुन्या विद्यापीठाची, आणि मी दोन्हीकडे पाहुणा.

एका ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालांनी चहा पाजला, जुने अंक काढून दिले. पासवर्डाचं विचारलं तर म्हणाले, ‘सर, तुम्ही माजी.’ मला राग आला. मग त्यांनीच शांतपणे समजावलं, ते तुम्हाला सांगतो.

छापील अंक ग्रंथालय विकत घेतं. तो एकदा कपाटात आला की ग्रंथालयाचा. वीस वर्षांनी मी गेलो आणि ग्रंथपालांनी बसू दिलं, तर प्रकाशकाला विचारावं लागत नाही. संगणकावरचं नियतकालिक मात्र बहुधा भाड्याच्या घरासारखं असतं. वर्षाचे पैसे भरायचे आणि घरात कोण राहणार हे करारात लिहून द्यायचं : आजचे विद्यार्थी, अध्यापक, कर्मचारी. विद्यापीठाच्या आवारातले संगणक त्यांच्या ठरलेल्या क्रमांकांवरून ओळखले जातात; घरून वाचायचं तर पासवर्ड. पटावरून नाव गेलं की पासवर्डही जातो.

प्रकाशकांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. विद्यार्थी हजारांत, तर माजी विद्यार्थी लाखांत. शिवाय ते कंपन्यांत, दवाखान्यांत नोकरीला असतात. त्यांना फुकट मिळालं तर कंपनी वर्गणी कशाला भरेल? तरीही वाट निघते. जेस्टोर या संग्रहानं सहभागी संस्थांच्या माजी विद्यार्थ्यांसाठी वेगळी सोय केली आहे.

आपल्याकडे केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2024 मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं. मोठं काम आहे, शंकाच नाही. पण ती विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधकांसाठी आहे. गंमत बघा, आपल्या राज्याच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यानुसार नोंदणीकृत पदवीधर अधिसभेवर दहा प्रतिनिधी निवडून पाठवतात. विद्यापीठाच्या कारभारात मत चालतं; वाचायला बसलो की आम्ही परके!

एक गोष्ट मात्र आजही मागता येईल. बऱ्याच करारांत ग्रंथालयात येऊन बसणाऱ्या बाहेरच्या वाचकाला तिथल्या संगणकावर वाचू देण्याची मुभा असते. ती आपल्या ग्रंथालयाच्या करारात आहे का, हे विचारावं. असेल तर विष्णुपुरीला आणि लातूरच्या उपकेंद्रात अशा वाचकांसाठी एकेक संगणक ठेवायला कितीसा खर्च येणार? किनवटच्या शिक्षकाला त्यासाठी शंभराहून अधिक किलोमीटर यावं लागेल, हे खरंच. पण आज तो आला तरी पासवर्डाशीच अडतो.

तोवर उघडी दारं माहीत असू द्या. ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध कुणालाही वाचता येतात, मराठीतलेसुद्धा. खरगपूरच्या आयआयटीनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. जेस्टोरवर स्वतःच्या नावानं मोफत नोंदणी केली, तर महिन्याला शंभर लेखांपर्यंत पडद्यावर वाचायला मिळतात. सगळेच लेख त्यात नसतात, माझा नव्हता.

शेवटी मी लेखकालाच ई-मेल केली. मोडक्या इंग्रजीत लिहिलं, की मी मराठीत कविता करतो आणि शेख महंमद आमचे आहेत. चौथ्या दिवशी लेख आला. सोबत दोन ओळी होत्या : माझ्या कविता कुठे वाचायला मिळतील?