जलविसर्ग नियमन, उल्हास खोऱ्यातील

धरणात साठविलेले पाणी केव्हा, किती व कोणत्या मार्गाने सोडावयाचे, हे ठरविणारी शासकीय व्यवस्था म्हणजे जलविसर्ग नियमन. पूरकाळात धरणाचे रक्षण आणि कोरड्या ऋतूत पाण्याचे वाटप, ही तिची दोन अंगे होत. बहुतेक खोऱ्यांत ती एकाच धरणाच्या दरवाज्यांशी निगडित असतात. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील शेलूजवळून वाहणाऱ्या उल्हास नदीत मात्र ती एकमेकींपासून विभक्त झालेली आढळतात.

उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. पावसाळा संपल्यावर तिच्यात टिकणारे पाणी मुख्यतः घाटमाथ्यापलीकडचे असते. मावळातील आंध्रा नदीवर ठोकरवाडी येथे टाटा विद्युत् योजनेचे धरण आहे. त्यातील पाणी बोगद्याने व नळांनी सह्याद्रीच्या पायथ्याशी भिवपुरीच्या वीजगृहात (१९२२, सध्याची क्षमता ७५ मेवॉ.) आणले जाते. वीज निर्माण करून बाहेर पडलेले हे अवजल पेज नदीतून उल्हासला मिळते. धरण भरल्यावर सांडव्यावरून जाणारे पाणी मात्र पूर्वेस इंद्रायणीकडे वाहते. यामुळे शेलूच्या काठाला येणारा पूर या धरणाच्या सांडव्यामुळे येत नाही. तो कोकणातील पर्जन्याचा असतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तीही अतिवृष्टीमुळे. पुराचा दोष धरणावर टाकण्याची लोकसमजूत येथे निराधार ठरते.

उन्हाळ्यातील स्थिती याउलट असते. जनित्र चालू असेल तोवरच नदीत पाणी येते. विजेची मागणी दिवसाच्या प्रहरांनुसार बदलते. पिण्याच्या पाण्याची गरज मात्र रोजची व अखंड असते. कर्जत परिसरात राजनाला कालव्यावरील दुबार भातशेतीही याच अवजलावर अवलंबून आहे. खाली बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण व ठाणे या नगरांच्या योजना उल्हासचे पाणी उचलतात. त्यांना बारवी धरणाचीही जोड आहे. म्हणून जलसंपदा विभाग पावसाळ्यानंतर आंध्रा व बारवी जलाशयांतील साठ्याचा आढावा घेतो, तो पुढील पावसाळ्यापर्यंत पुरेल असे प्रमाण ठरवितो आणि तूट असल्यास उचल घटवितो. ही कपात नगरांच्या उचलीवर पडते. तिने साठा वाढत नाही, तो केवळ अधिक दिवस पुरतो.

या वाटपाला वरूनही मर्यादा आहे. हे पाणी मूळचे भीमा, म्हणजेच कृष्णा खोऱ्यातील. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या (बच्छावत) १९७६ मध्ये अधिसूचित झालेल्या निर्णयानुसार टाटा योजनांद्वारे खोऱ्याबाहेर एका जलवर्षात ५४·५ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी वळविता येत नाही. पाच सलग वर्षांच्या बेरजेवरही वेगळी मर्यादा आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम (२००५) समन्यायी वाटपाचे तत्त्व मानतो. परंतु ते एकाच खोऱ्यातील वरच्या व खालच्या धरणांना जसे लागू करता येते, तसे दोन खोऱ्यांमध्ये विभागलेल्या पाण्याला सहज लागू होत नाही. हे पाणी पूर्वेकडेच ठेवावे अशी भीमा खोऱ्यातील मागणी आहे. ती मान्य झाल्यास विजेची उणीव अन्य केंद्रांतून भरून काढता येईल. पेज व उल्हासच्या उन्हाळी प्रवाहाला मात्र तेवढा मोठा दुसरा स्रोत आज उपलब्ध नाही.