इंजिनात अडकलेला तुटका बोल्ट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पान्ह्याला जोर लावताना बोल्ट एकाएकी हलका फिरतो. सुटला, असे वाटते. प्रत्यक्षात त्याची मुंडी पान्ह्यात आलेली असते आणि उरलेला खुंट इंजिनाच्या हेडमध्ये रुतून बसलेला असतो. मोटारसायकलच्या सायलेन्सरचे स्टड, मोटारीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट, शेतावरच्या डिझेल पंपाचे इंजिन, किनाऱ्यावरच्या होड्यांची आउटबोर्ड इंजिने अशा सगळ्या ठिकाणी हा प्रसंग येतो. उष्णता, ओल आणि खारी हवा जिथे एकत्र येतात तिथे तो जास्त वेळा येतो.

बोल्ट तुटल्याने इंजिनाचे फारसे बिघडत नाही. खरे नुकसान होते ते त्यानंतरच्या घाईत, अर्धवट माहितीवर केलेल्या उपायांमुळे. असे काही समज तपासून पाहणे म्हणूनच गरजेचे आहे.

गैरसमज १ : बोल्ट जाम झाला म्हणजे गंजलाच, आणि सगळ्या जाम बोल्टांवर एकच इलाज.

वस्तुस्थिती : बोल्ट तुटण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि इलाज त्या कारणावर ठरतो. बोल्ट आवळताना लावलेल्या पिळातला साधारण निम्मा भाग मुंडीखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो आणि जेमतेम १० टक्के बोल्टला ताण देतो. त्यामुळे जास्त आवळल्याने मुंडी तुटली असेल, तर मुंडीबरोबर ताणही जातो आणि आतला खुंट बऱ्याचदा मोकळाच असतो. टोकदार पंचाने कडेला हलके ठोके देऊनही तो फिरू लागतो. सततच्या हादऱ्यांनी थकून तुटलेल्या बोल्टचेही तसेच. त्याच्या तुटलेल्या तोंडावर गुळगुळीत भाग आणि वक्र रेषा दिसतात.

गंजाची गोष्ट निराळी. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधली फट पाचरीसारखी ठासून भरते. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये पोलादी बोल्ट असेल आणि मध्ये खारे पाणी शिरले, तर दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. झिजते ते ॲल्युमिनियम, आणि त्याची पांढरी पूड आटे घट्ट धरून ठेवते.

काही वेळा गंज मुळीच नसतो. फोर्ड कंपनीच्या ५.४ लिटर, तीन व्हॉल्व्हच्या ट्रायटन इंजिनातले २००४ ते २००८ या काळातले स्पार्क प्लग काढताना तुटण्यासाठी कुप्रसिद्ध झाले. त्या प्लगच्या खालच्या लांब, पातळ नळीभोवती कार्बन साचायचा आणि नळी हेडमध्येच राहायची. कंपनीने मेकॅनिकांना दिलेली सूचना अशी होती : इंजिन थंड असताना प्लग फक्त पाव वळसा किंवा त्याहून कमी सैल करा, कार्ब्युरेटर क्लीनर ओता, किमान १५ मिनिटे थांबा आणि मगच पुढेमागे फिरवत काढा. कार्बनवर उतारा म्हणून कार्बन विरघळवणारे द्रव्य वापरले गेले. गंज उतरवणाऱ्या तेलाचा तिथे उपयोग नव्हता.

गैरसमज २ : डब्ल्यूडी-४० मारले की कुठलाही बोल्ट सुटतो.

वस्तुस्थिती : हे द्रव्य १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात रॉकेट केमिकल कंपनीने तयार केले, ते पाणी हटवण्यासाठी. चाळिसाव्या प्रयत्नात जमलेले पाणी हटवणारे मिश्रण, असा त्या नावाचा अर्थ. ॲटलस क्षेपणास्त्राच्या बाह्य कवचाला गंज चढू नये म्हणून ते वापरले गेले. किरकोळ गंजावर ते काम करते, पण खोल शिरून गंज सोडवणारे तेल वेगळे असते. तसे तेल हीच कंपनी आज स्वतंत्रपणे विकते.

कुठलेही तेल मारले तरी त्याला वेळ लागतो. ते केसाएवढ्या फटीतून झिरपत आत जाते. म्हणून फवारून लगेच पान्हा लावण्यात अर्थ नाही. तेल टाकावे, खुंटावर हातोडीने हलके ठोके द्यावेत, काही तासांनी पुन्हा तेल टाकावे आणि शक्य असेल तर रात्रभर मुरू द्यावे. गंज कडक पण ठिसूळ असतो. ठोक्यांनी त्याला बारीक तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल पुढे सरकते.

गैरसमज ३ : बोल्ट हलत नाही म्हणजे जोर कमी पडतोय. पान्ह्याला पाइप लावा.

वस्तुस्थिती : ६ मिलिमीटरचा ८.८ प्रतीचा बोल्ट आवळायला साधारण १० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला पाच किलोचा जोर लावला की तेवढा पीळ मिळतो. १५ किलोचा जोर लावला तर तो तिप्पट होतो आणि हा बोल्ट तुटतो. म्हणजे लहान बोल्ट तोडायला पाइपची गरजच नसते, नुसता हात पुरतो.

अनुभवी मेकॅनिक अशा वेळी बोल्ट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवतो, मग सोडण्याच्या दिशेने, पुन्हा उलट. प्रत्येक फेरीत थोडा गंज चुरडला जातो आणि तेल आत जाते. बोल्ट करकरत असला तरी फिरतोय, तोवर घाई करू नये.

गैरसमज ४ : गॅसने लालबुंद केले की बोल्ट सुटतोच.

वस्तुस्थिती : उष्णता हे उत्तम हत्यार आहे, पण कोणत्या धातूला किती तापवायचे हे कळले पाहिजे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. तापमान १५० अंशांनी वाढले, तर ॲल्युमिनियममधले ८ मिलिमीटरचे भोक सुमारे ०.०२८ मिलिमीटरने मोठे होते आणि त्यातला बोल्ट सुमारे ०.०१४ मिलिमीटरने फुगतो. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडा जास्त, पण घट्ट बसलेले आटे ढिले करायला तो पुष्कळदा पुरतो. इथे भोवतालचे हेड तापवायचे आणि गरम असतानाच बोल्ट फिरवायचा.

बिडाच्या ब्लॉकमध्ये हे गणित चालत नाही, कारण बीड आणि पोलाद जवळपास सारखेच प्रसरण पावतात. तिथे खुंटच तापवावा लागतो. तो फुगू पाहतो, भोवतालचे बीड त्याला आवळते, आणि निवल्यावर तो किंचित आक्रसून गंजाची पकड सोडतो. म्हणून तिथे निवण्याची वाट पाहायची.

ॲल्युमिनियम तापवताना मोठा धोका हा की ते वितळण्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, इंजिनात वापरलेले मिश्रधातू त्याआधीच मऊ पडू लागतात. ज्वाला लावण्यापूर्वी तेल आणि पेट्रोलचा मागमूसही राहता कामा नये.

गैरसमज ५ : बोल्ट तुटला की लगेच इझी आऊट लावायचे.

वस्तुस्थिती : इझी आऊट म्हणजे खुंटात भोक पाडून, त्यात फिरवून खुंट बाहेर काढायचे निमुळते अवजार. सर्वांत जास्त घात इथे होतो. समान धातूच्या दांड्याची जाडी निम्मी झाली की त्याची पीळ सोसण्याची ताकद एक-अष्टमांश होते. जो पूर्ण जाडीचा बोल्ट पिळाने तुटला, त्याच्या पोटातल्या भोकात बसणाऱ्या बारीक इझी आऊटने तोच बोल्ट फिरवावा ही अपेक्षा अवाजवी आहे. शिवाय निमुळते इझी आऊट आत शिरताना खुंटाच्या भिंती बाहेर दाबते, त्यामुळे आटे आणखी आवळतात. मोकळ्या खुंटासाठी हे अवजार ठीक, गच्च गंजलेल्यासाठी नाही. ते कठीण पण ठिसूळ पोलादाचे असते. आत तुटले, तर साधे ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही.

ड्रिल मारायचेच असेल तर खुंटाचे तोंड कानशीने सपाट करून अगदी मध्यावर सेंटर पंच मारावा आणि बारीक ड्रिलपासून सुरुवात करावी. मध्य चुकला की ड्रिल कठीण पोलाद सोडून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये घसरते. उलट्या दिशेने कापणारे डावे ड्रिल मिळाले तर उत्तम, कारण भोक पाडता पाडताच खुंट कित्येकदा बाहेर येतो. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्यांसाठी ६.८ मिलिमीटरपर्यंत जाता येते. मग उरलेली पातळ साल टोकदार सळईने सोलून काढता येते.

गैरसमज ६ : खुंटाला नट वेल्ड केला तर ॲल्युमिनियमचे हेड खराब होते.

वस्तुस्थिती : गंजलेल्या खुंटासाठी हा बहुतेक वेळा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. पोलादी वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही. खुंटावर वॉशर ठेवून तो आतून वेल्ड करायचा, मग त्यावर नट. वेल्डची उष्णता नेमकी बोल्टमध्ये जाते आणि पान्हा लावायला नवी मुंडीही मिळते. पहिला नट तुटून आला तरी दुसरा लावता येतो, हेडचे काही बिघडत नाही.

दोन गोष्टी मात्र टाळता येणार नाहीत. वाहनाची बॅटरी आधी सोडवावी. आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागेवर कधीही वेल्डिंग करू नये. त्या वाफेपासून वेल्डिंगच्या ठिणगीत फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

गैरसमज ७ : आत इझी आऊट तुटले किंवा आटे गेले की हेड भंगारात.

वस्तुस्थिती : स्पार्क इरोजन मशीन ठिणग्यांनी कठीण पोलाद कणाकणाने झिजवते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत शास्त्रज्ञ बोरिस आणि नताल्या लाझारेंको यांनी हे तंत्र विकसित केले. त्याच सुमारास अमेरिकेत हॅरॉल्ड स्टार्क, व्हिक्टर हार्डिंग आणि जॅक बीव्हर यांनी बनवलेले अशा प्रकारचे यंत्र तर ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांत तुटलेले ड्रिल आणि आटे पाडायचे टॅप काढण्यासाठीच होते. आज औद्योगिक वसाहतींतल्या टूलरूममध्ये हे मशीन सापडते.

तुरटीने बोल्ट विरघळतो, हे ऐकून अनेकांना थाप वाटते. ती थाप नाही. तुरटीचे गरम, दाट द्रावण पोलाद हळूहळू खाते आणि ॲल्युमिनियम किंवा पितळेला त्यामानाने फारच कमी इजा करते. घड्याळजी पितळी भागांतले तुटके स्क्रू असेच काढत आले आहेत. कार्ब्युरेटरसारख्या सुट्या भागाला हे चालते. व्हॉल्व्ह सीट बसवलेल्या हेडला किंवा बिडाच्या ब्लॉकला नाही, कारण द्रावण तेही खाईल.

गेलेल्या आट्यांसाठी हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेस तारेचे वेटोळे बसवतात. हा तात्पुरता जुगाड नव्हे. विमानांच्या ॲल्युमिनियमच्या भागांत ती नवीन असतानाच बसवली जातात, आणि मऊ धातूत मूळ आट्यांपेक्षा चांगली पकड देतात.

गैरसमज ८ : नवा बोल्ट स्टेनलेसचा लावला की कायमची काळजी मिटली.

वस्तुस्थिती : नेहमीच्या ए२-७० प्रतीच्या स्टेनलेस बोल्टची ताणशक्ती ७०० मेगापास्कल असते, ८.८ प्रतीच्या पोलादी बोल्टची ८००. स्टेनलेस गंजत नाही, पण खाऱ्या हवेत त्याच्याभोवतीचे ॲल्युमिनियम झिजते आणि बोल्ट पुन्हा जाम होतो. त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या प्रतीचाच बोल्ट वापरावा आणि आटे स्वच्छ करून अँटी-सीझ पेस्टचा पातळ थर द्यावा. पेस्टमुळे घर्षण घटते, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला पीळ (टॉर्क) तसाच लावला तर बोल्ट जास्त ताणला जातो. स्पार्क प्लगच्या बाबतीत एनजीके कंपनी याच कारणाने आपल्या मुलामा दिलेल्या प्लगना पेस्ट लावू नका, असे सांगते.

वाहनमालकांनी एवढे करावे : तुटलेल्या बोल्टला लगेच ड्रिल लावू देऊ नये, बोल्ट कशाने तुटला हे आधी विचारावे, आणि जवळ वेल्डिंगची सोय असलेले गॅरेज शोधावे. मेकॅनिक म्हणाला की आज तेल मुरू द्या, उद्या या, तर गाडी तिथेच ठेवून यावे.