फुप्फुस नवं, पण पोटातला व्हॉल्व्ह जुनाच!

ज्यांना लोकलच्या गर्दीत एपिसोड नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण बोईसरचा असल्यामुळे 'एनआरव्ही' हा शब्द लहानपणापासून कानावर आहे. तारापूर एमआयडीसीत पंपाच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो: माल पुढे जातो, मागे येत नाही. आपल्या अन्ननलिकेच्या तळाशीही स्नायूंचा असाच व्हॉल्व्ह आहे. तो ढिला पडला की पोटातलं वर येतं. हाच रिफ्लक्स. आपण म्हणतो 'पित्त झालंय', गोळी घेतो, विषय संपला.

फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्या माणसाचा विषय तिथे संपत नाही. वर आलेले थेंब श्वासनलिकेत उतरू शकतात. एरवी आपल्याला ठसका लागतो आणि ते बाहेर पडतात. पण प्रत्यारोपणात फुप्फुसाचे मज्जातंतू कापले जातात, त्यामुळे ठसका कमजोर होतो. थेंब आत राहतात, सूज येते, बारीक श्वासनलिका हळूहळू आक्रसतात. याला दीर्घकालीन रिजेक्शन म्हणतात. पाच वर्षांत साधारण निम्म्या रुग्णांना ते गाठतं. रिफ्लक्स हे त्याचं एकमेव कारण नाही, पण ज्यावर इलाज करता येतो असं कारण आहे.

मग गोळीने का भागत नाही? गोळी आम्ल कमी करते, उलटा प्रवाह थांबवत नाही. सांडपाण्याचा पीएच ७ वर आणला तरी गळकी लाइन गळतच राहते ना, तसंच. जठरातलं पेप्सिन आणि पित्तरस वर येतच राहतात.

म्हणून व्हॉल्व्हच दुरुस्त करायचा. या ऑपरेशनचं नाव फंडोप्लिकेशन. दुर्बिणीतून जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळतात. रुडॉल्फ निसेन यांनी ते १९५५ मध्ये पहिल्यांदा केलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या टीमने २००३ मध्ये रिफ्लक्स असलेल्या प्रत्यारोपण रुग्णांबद्दल लिहिलं, की या ऑपरेशननंतर त्यांच्या फुप्फुसांचं काम सुधारलं.

सरसकट सगळ्यांना मात्र हे करत नाहीत. गिळायला त्रास होणं, पोट फुगणं असे तोटे आहेत. आधी २४ तासांची पीएच तपासणी आणि अन्ननलिकेच्या दाबाची तपासणी होते.

पालघर-बोईसरच्या रुग्णाला प्रत्यारोपणासाठी मुंबईच गाठावी लागते, मग बरंच फॉलोअप फोनवर चालतं. 'जळजळ नाही ना?' 'नाही.' पण रिफ्लक्स जळजळ न होताही असू शकतो! म्हणून घरातलं कुणी प्रत्यारोपणाच्या वाटेवर असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा: 'रिफ्लक्सची तपासणी झाली का?' आणि चालू गोळी स्वतःहून बंद करू नका.

भेटू पुढच्या भागात!