विश्लेषण : ट्रान्सफॉर्मर आणि इमारत यांच्यात किती अंतर हवे?

लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळील नॉर्थ हाइड वीज उपकेंद्रात २० मार्च २०२५ च्या रात्री ट्रान्सफॉर्मर पेटला. त्यात सुमारे २५ हजार लिटर तेल होते. आगीचा फटका बसून अर्ध्या तासातच शेजारचा ट्रान्सफॉर्मरही बंद पडला. परिसरातील सुमारे १५० जणांना बाहेर काढावे लागले आणि दुसऱ्या दिवशी बहुतांश वेळ विमानतळ ठप्प होता. ट्रान्सफॉर्मरभोवती मोकळी जागा का सोडतात, ते अशा वेळी कळते.

तेल कशासाठी?

हे तेल आतल्या वाइंडिंगला थंड ठेवते आणि इन्सुलेशनचेही काम करते. आत शॉर्टसर्किट झाले की ठिणगीच्या उष्णतेने तेलाचे विघटन होऊन हायड्रोजन, ॲसिटिलीनसारखे ज्वलनशील वायू तयार होतात. दाब वाढतो, टाकी फाटते आणि पेटते तेल बाहेर पसरते.

अंतर कसे ठरते?

तेल किती आणि समोरची भिंत कशाची, यावर. आयईसी ६१९३६-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, मिनरल ऑइल असलेल्या ट्रान्सफॉर्मरसाठी :

- १ ते २ हजार लिटर : न जळणाऱ्या भिंतीपासून ३ मीटर, जळू शकणाऱ्या भिंतीपासून ७.५ मीटर
- २ ते २० हजार लिटर : ५ आणि १० मीटर
- २० ते ४५ हजार लिटर : १० आणि २० मीटर

जागाच नसेल तर?

मध्ये आगरोधक भिंत बांधतात. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांनी २ हजार लिटरपेक्षा जास्त तेलाच्या उपकरणांसाठी चार तास आग थोपवणारी भिंत सांगितली. सांडलेले तेल जिरवायला खडीचा खड्डाही लागतो. निवासी आणि व्यावसायिक इमारतींच्या आत मात्र २०१० च्या त्या नियमांनी तेलाऐवजी फक्त ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मरला परवानगी दिली होती.

सोसायटीतल्या डीपीचे काय?

त्यात तेल बरेच कमी असते, त्यामुळे वरची मोठी अंतरे तिला लागू होत नाहीत. पण कुंपणाला टेकवलेल्या दुचाकी, कचऱ्याचा ढीग किंवा टपरी मध्ये आली, की सोडलेल्या जागेचा उपयोग संपतो. आग त्याच वाटेने इमारतीपर्यंत येते. तेल गळताना दिसले किंवा ठिणग्या उडाल्या, तर दूर राहून १९१२ वर तक्रार करा. आग लागल्यास १०१ वर फोन करा. वीजप्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारू नका.