सात नवे पैसे, चौतीस पानं

१९६१च्या सप्टेंबरात पुणं अजून पानशेतच्या पुरातून सावरत होतं. त्याच महिन्याच्या २५ तारखेला दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी पुण्याच्या एका मराठी दैनिकाच्या पानांचा आणि किमतीचा निवाडा केला. ‘सकाळ पेपर्स विरुद्ध भारत सरकार’ हे नाव वृत्तपत्रस्वातंत्र्यावरच्या भाषणांत हमखास येतं. निकालपत्र मात्र क्वचितच उघडलं जातं. ते उघडायला हवं, कारण पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात आज बातमीचं जे झालं आहे, त्याचं गणित त्यात सापडतं.

निकालपत्राची सुरुवात हिशेबाने होते. ‘सकाळ’चा खप महाराष्ट्र आणि कर्नाटकात मिळून रोज ५२ हजार, रविवारी ५६ हजार. आठवड्यातले पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार. म्हणजे सहा दिवसांची मिळून ३४ पानं, आणि रोजच्या अंकाची किंमत सात नवे पैसे. रविवारची दहा पानं बारा पैशांना. एकूण जागेपैकी सुमारे ४० टक्के जाहिरातींची. डॉ. ना. भि. परुळेकरांनी अमेरिकेतून शिकून आल्यावर १ जानेवारी १९३२ रोजी हे दैनिक काढलं होतं. तीस वर्षांत उभा राहिलेला हा संसार सरकारच्या एका आदेशाने विस्कटायची वेळ आली.

तो आदेश १९६०चा, आणि त्याच्यामागचा कायदा १९५६चा. पेपरच्या किमतीनुसार त्याने किती पानं छापावीत हे सरकारने ठरवायचं, अशी ही योजना होती. तिचं मूळ न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाच्या १९५४च्या अहवालात आहे. हेतू वाईट नव्हता. जाहिरातींच्या जोरावर जाडजूड अंक स्वस्तात विकणाऱ्या बड्या पेपरांपुढे छोट्यांचा, भारतीय भाषांतल्या पेपरांचा निभाव लागावा, ही आयोगाची तळमळ खरी होती. पण आदेशाचा फटका एका मराठी दैनिकालाच बसत होता. सात पैशांत आता आठवड्याला २४ पानंच छापता येणार होती. ३४ हवी असतील तर किंमत आठ पैसे करणं भाग होतं. पुरवण्या किती काढायच्या, हेही सरकारच्या हाती जाणार होतं.

निकालपत्र न्यायमूर्ती ज. र. मुधोळकरांनी लिहिलं. पानं कमी केली तर मजकूर घटतो. किंमत वाढवली तर वाचक घटतो. जाहिरातींची जागा आवळली तर खर्चाचा बोजा वाचकावर पडतो आणि पुन्हा खपच घसरतो. म्हणून खपावर घातलेला घाव हा थेट अभिव्यक्तीवर घातलेला घाव आहे, आणि ‘छोट्यांच्या भल्यासाठी’ असं कारण देऊन तो घालता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. आदेश आणि त्याच्यामागचं कलम दोन्ही घटनाबाह्य ठरली.

या खटल्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र बाजूलाच पडली आहे. कंपनी आणि तिचे भागधारक यांच्या याचिकेसोबत आणखी दोन याचिका होत्या, आणि त्या ‘सकाळ’च्या दोन वाचकांनी केल्या होत्या. आपला पेपर पातळ झाला किंवा महागला तर आपलाही हक्क जातो, असं म्हणत वर्गणीदार देशाच्या सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात संपादकांच्या तुरुंगवासांना मोठं पान मिळालं आहे, आणि ते योग्यच आहे. या दोघांना निदान अर्धं तरी मिळायला हवं.

हा निकाल लागला तेव्हा पिंपरीत १९५४चा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना होता आणि एमआयडीसीचा जन्म अजून व्हायचा होता. पुढचं सर्वांना ठाऊक आहे. टेल्को आली, आकुर्डीत बजाज वाढली, १९७०ला नगरपालिका झाली, १९८२ला महापालिका. शहर वाढलं, पण सकाळी दारात पडणारा पेपर पुण्याचाच राहिला. पिंपरी-चिंचवडला त्यात जागा मिळाली ती आतल्या पानांत आणि पुरवण्यांत. पुण्यात पीएमपीची बस बंद पडली की पहिलं पान, भोसरीत कारखाना बंद पडला की पान पाच, अशी इथल्या वाचकांची जुनी तक्रार आहे आणि ती बिनबुडाची नाही. जाहिरातदार लक्ष्मी रोडवर होता, म्हणून बातमीचा कलही तिकडे राहिला.

ही पोकळी आधी स्थानिक साप्ताहिकांनी आणि नंतर फोनने भरली. ‘एमपीसी न्यूज’सारख्या पोर्टलांनी महापालिकेची सभा, पवना धरणातला पाणीसाठा, निगडीतला अपघात, चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी हे सगळं त्याच दिवशी, त्याच तासाला लोकांपर्यंत नेलं. १५ ऑगस्ट २०१८ला शहराला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं, चाकणही त्याच्या हद्दीत आलं, आणि गुन्हेवार्तांना इथल्या इथे अधिकृत स्रोत मिळाला. छापील पुरवणीने इतकी वर्षं जे केलं नाही ते या छोट्या पोर्टलांनी मोजक्या माणसांवर करून दाखवलं, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

मग छापील पेपर चाकणला कशासाठी लागतो? जाहीर नोटिशीसाठी. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, ‘सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास’ इतक्या दिवसांत हरकत घ्यावी, खाली वकिलांचं नाव. खराबवाडी, नाणेकरवाडी, म्हाळुंगे इथल्या जमिनींचा अलीकडचा इतिहास लिहायचा झाला तर या बारीक टायपातल्या चौकटींइतकं दुसरं साधन नाही. सातबारा ऑनलाइन मिळतो, २०१८पासून तो डिजिटल स्वाक्षरीचाही मिळतो. नोटीस मात्र अजून कागदावर येते. भूसंपादनाच्या २०१३च्या कायद्यातही प्राथमिक अधिसूचना संकेतस्थळावर टाकण्याबरोबर दोन दैनिकांत छापायची आहे, आणि त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं हवं. कायदा असं धरून चालतो की शेतकऱ्याच्या घरी पेपर येतो. घरी पेपर बंद करून फोनवर बातम्या वाचणाऱ्या शेतकऱ्याला, बहिणीच्या वाट्याची जमीन विकली जात असल्याची नोटीस दिसणारच नाही. हरकतीची मुदत तर संपते.

पेपर येण्याची सवय मोडली ती २०२०च्या वसंतात, कोरोनाच्या टाळेबंदीत. १८ एप्रिलला राज्य सरकारने छपाईला परवानगी देतानाच घरोघरी वाटपाला मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. टीका झाल्यावर काही दिवसांतच बंदी सैल झाली, पण मुंबई आणि पुणे महानगर प्रदेश त्यातून वगळले गेले. घरपोच पेपर पुन्हा सुरू करायची मुभा इथे ७ जूनला मिळाली. तोवर अनेक दैनिकांनी स्वतःच पीडीएफ फुकट वाटली होती आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी चार-चार पेपर पडत होते. फुकटाची गोडी लागल्यावर मालकांना जाग आली. २९ मे २०२०ला ‘दैनिक जागरण’ने दिल्ली उच्च न्यायालयातून टेलिग्रामविरुद्ध अंतरिम आदेश मिळवला. सात पैसे की आठ, यावर एकेकाळी घटनापीठ बसलं होतं. आता किंमत शून्यावर आली, आणि ती कोणत्याही सरकारी आदेशाविना. मुधोळकरांनी सांगितलेल्या गणितातला जाहिरातदारही गूगल आणि फेसबुककडे निघून गेला, आणि त्याला परत आणायला कोणतीही याचिका चालणार नाही.

सरकारचं लक्ष मात्र कमी झालेलं नाही. फेब्रुवारी २०२१च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनी डिजिटल बातम्यांना आचारसंहितेच्या चौकटीत घातलं. त्याविरुद्ध ‘द लीफलेट’ आणि पत्रकार निखिल वागळे मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि १४ ऑगस्ट २०२१ला नियम ९मधल्या मुख्य तरतुदींना स्थगिती मिळाली. १ मार्च २०२४पासून १८६७च्या छापखाना कायद्याच्या जागी नवा कायदा आला, पण तो छापील नियतकालिकांपुरता. मुद्रक-प्रकाशकाचं नाव-ठिकाण प्रत्येक अंकावर छापण्याची शिस्त त्या जुन्या कायद्याने लावली होती. फॉरवर्ड होत आलेल्या मजकुराखाली असं नाव नसतं आणि हरकत कोणाकडे घ्यायची हे कळत नाही.

८ डिसेंबर २०२३ला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. सहा महिला कामगार लगेच दगावल्या आणि उपचारांदरम्यान आकडा वाढत गेला. व्हिडिओ काही मिनिटांत फोनवर होते. कारखान्याला परवाना नव्हता, हे शहराला आगीनंतर कळलं. वेगाची कमतरता इथे कुठेच नव्हती. कमतरता होती ती त्या शेडमध्ये आधी डोकावणाऱ्या, अग्निशमन विभागात जाऊन यादी मागणाऱ्या वार्ताहराची. त्याचा पगार पूर्वी जाहिरातीतून निघायचा. आज क्लिकवर चालणाऱ्या पोर्टलला आगीचा व्हिडिओ परवडतो, आगीआधीचे तीन आठवडे परवडत नाहीत.

कामगारांच्या बातमीची परंपरा पुणे जिल्ह्यातलीच आहे. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ काढलं. ते चालवणं झेपेना, तेव्हा १८८०मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत नेलं. लोखंड्यांचं मूळ गाव याच जिल्ह्यातलं कन्हेरसर. गिरणी कामगारांचे तास, दंड, अपघात त्यांनी अंकामागून अंक छापले, १८८४मध्ये कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९०ला रविवारची सुट्टी मिळवली. याउलट २०१३मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात २५ जून ते १४ ऑगस्ट असा पन्नास दिवसांचा संप झाला. एक रुपया दराने पाचशे शेअर द्या, अशी कामगारांची मागणी होती, आणि भारतीय कामगार चळवळीत ती विरळाच म्हणावी लागेल. संप मागणी मान्य न होता मिटला. ती मागणी कोणाच्या डोक्यातून निघाली, शॉपफ्लोअरवर तिची चर्चा कशी झाली, पगाराविना पन्नास दिवस घरं कशी चालली, यावर एखादी दीर्घ मराठी लेखमाला हवी होती.

ती अजूनही लिहिता येईल. संपातली अनेक माणसं अजून याच पट्ट्यात राहतात, कामगार न्यायालयाची कागदपत्रं आहेत, औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे अपघातांच्या नोंदी आहेत, माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. या पट्ट्यातल्या कामगार संघटना आणि गृहसंस्था यांनी मिळून एखाद्या स्थानिक पोर्टलची वर्गणी भरली, तर चाकणला पूर्णवेळ कामगार-वार्ताहर नेमता येईल आणि गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, त्याला कामगारांना घरी गाठता येईल.